झोप पाहून अंथरूण पसरावं : निद्रानाश आणि सीबीटी, एका प्रकरणाची नोंद

१६ जानेवारी २०२३, सोमवार, रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या आमच्या घरी हॉलमधल्या लाकडी खुर्चीत मी मटार सोलत बसले होते आणि डोळे मिटू नयेत म्हणून अधूनमधून दाणे मोजत होते. दीड वर्ष जिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, त्या बाईला आता झोप आवरत नव्हती आणि अंथरुणात जायला आणखी अर्धा तास बंदी होती. आतून हे दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "अगं, यासाठी पैसे देतोय आपण?"

प्रकरण माझं स्वतःचं आहे. तेव्हा वय ५१. माध्यमिक शाळेत गणित शिकवते, सकाळचं सत्र, पहिली घंटा सात दहाला. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी (विचार आणि वागणं बदलण्यावर बेतलेला मानसोपचार), घेतलेल्यांचे अनुभव मी आधी ऐकले होते आणि ते दोनच जातींचे असत: 'आयुष्यच बदललं' किंवा 'नुसती बडबड, पैसे वाया'. माझा अनुभव दोन्हींत बसत नाही. आकडे माझ्याकडे आहेत, दोन शंभरपानी वह्या भरून, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निमित्त

ऑगस्ट २०२१ मध्ये ह्यांची बायपास झाली. अकरा दिवस रुग्णालयात गेले, त्यातल्या चार रात्री मी आयसीयूबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत काढल्या. तेव्हा झोप उडाली यात नवल काहीच नव्हतं. पण ह्यांना घरी आणलं, तीन महिन्यांत हे सकाळचे पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालून यायला लागले, आणि माझी झोप काही घरी आली नाही.

रोजचा क्रम ठरलेला. सव्वानऊला अंथरुणात, कारण 'लवकर पडलं तर कधीतरी लागेल'. अकरापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. मग डुलकी. दीडला टक्क जाग. मोबाइल उचलायचा, वेळ बघायची आणि हिशेब मांडायचा: आत्ता झोप लागली तर सव्वाचार तास मिळतील. थोड्या वेळानं पुन्हा: आत्ता लागली तर तीन तास दहा मिनिटं. वजाबाकी तर माझ्या पोटापाण्याची. साडेचारला साखरझोप लागायची आणि पावणेसहाला गजर.

उपाय सगळे झाले. दुधात जायफळ उगाळून झालं. ब्राह्मी तेल झालं, रामरक्षा झाली, दुपारी तीननंतरचा चहा सुटला, रात्रीचा टीव्ही सुटला. सासूबाईंनी काशाच्या वाटीनं तळपाय चोळून दिले. पाय छान मऊ झाले. त्या स्वतः साडेदहाला झोपतात नि साडेतीनला उठून जप करत बसतात, आणि याला त्या त्रास समजत नाहीत. मला म्हणाल्या, "झोप येत नाही तर पडून कशाला राहतेस? ऊठ, भाजी निवड." मला तेव्हा रागच आला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये फॅमिली डॉक्टरांनी क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. मी ती वर्षभर घेतली. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा नियम आहे. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र 'बाईंची नेहमीची' म्हणून पाकीट पुढे सरकवायचा. पहिले दोन महिने गोळीनं झोप आली. पुढे गोळी घेऊनही दीडला जाग यायला लागली. भर एवढीच पडली की गोळी नाही घेतली तर काय होईल याचीही धास्ती बसली.

अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक निघालं. पाळी जाण्याचा काळ होता, रात्री एकदम अंगाची लाही होऊन घाम सुटायचा, तेही त्यांनी टिपून घेतलं. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल तर तो जुनाट निद्रानाश धरतात. माझे सोळा महिने झाले होते. "नैराश्य दिसत नाही, गोळी लगेच बंद करू नका, आणि यांच्याकडे जा," असं म्हणून त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा पत्ता दिला. तिशीतली मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती मला मॅडम म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचे, आणि सातही सेशन आम्ही एकमेकींच्या मॅडमच राहिलो.

वही

पहिल्या सेशनला सल्ला शून्य. एक प्रश्नावली भरून घेतली: सात प्रश्न, २८ गुण, जितके जास्त तितका निद्रानाश मोठा. मला २१ मिळाले. २२ पासून 'तीव्र' सुरू होतो. एक ग्रेस मार्क मागावा असं वाटून गेलं. मग दोन आठवडे रोज सकाळी वहीत लिहायचं: अंथरुणात कधी गेले, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागी होते, शेवटची जाग कधी, उठले कधी. रात्री घड्याळ बघायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सगळा अंदाज सकाळी.

२ ते १५ जानेवारीची सरासरी अशी आली: अंथरुणात साडेआठ तास, म्हणजे ५१० मिनिटं. झोप ५ तास १० मिनिटं, म्हणजे ३१०. भागाकार केला तर ६१ टक्के. याला ते 'स्लीप एफिशियन्सी' म्हणतात. मी वहीत 'झोपेचा टक्का' लिहिलं.

पाच तास दहा मिनिटं! मी सगळ्या जगाला सांगत होते की दोन-अडीच तासही झोपत नाही. वर्गात मुलांना 'अंदाजपंचे उत्तर लिहू नका' म्हणून ओरडणारी मी. मॅडम हसल्या नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार. निद्रानाश असलेल्या बऱ्याच लोकांना आपण प्रत्यक्षापेक्षा कमी झोपलो असं वाटतं, एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी ताळेबंद मांडला. आर्थर स्पिलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं निद्रानाशाची तीन अंगं सांगितली आहेत. मराठीत सांगायचं तर जात्याच असलेला कल, निमित्त आणि खतपाणी. माझा कल काळजीखोर. निमित्त बायपासचं, ते कधीच संपलं होतं. राहिलं खतपाणी, आणि ते रोज मीच घालत होते: लवकर पडणं, पडून राहणं, घड्याळ बघणं आणि शनिवार-रविवारची वामकुक्षी. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची भूक वाढत जाते. दुपारी दीड तास झोपणं म्हणजे जेवणाआधी वाटीभर फरसाण खाऊन मग भूक नाही म्हणून तक्रार करणं. शिवाय रोज तीन-साडेतीन तास अंथरुणात तळमळून माझ्या मेंदूनं अंथरूण ही जागायची जागा असल्याचं पाठ करून ठेवलं होतं. ही दुसरी गोष्ट रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच मांडली होती.

इलाज ऐकून मला मॅडमच्या पदवीबद्दल शंका आली. जितकी झोप येते जवळपास तितकाच वेळ अंथरुणात काढायचा. माझ्यासाठी साडेपाच तास: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. बाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, कितीही झोप येवो. मध्ये जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत, अंदाजानंच, डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. साडेपाचला उठायचंच, रविवारीही. दुपारी झोपायचं नाही. आठवड्याचा टक्का ८५ च्या वर गेला तर पंधरा मिनिटं वाढवून मिळणार, ८० ते ८५ असला तर आहे तेवढंच, खाली गेला तर कपात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे झोप पाहून अंथरूण पसरायचं.

पुणेकराला वामकुक्षी सोडायला लावणं हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, असं ह्यांचं मत पडलं.

एक गोष्ट महत्त्वाची. हे सांगण्याआधी मॅडमनी बरंच खोदून विचारलं होतं. कधी अतिउत्साहाचे, झोपेवाचून चालणारे दिवस आले होते का? फिट येते का? मोठ्यानं घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? हे शेवटचं त्यांनी ह्यांना फोन करून विचारलं. बायपोलर आजार किंवा अपस्मार असलेल्या माणसाची झोप अशी कापणं धोक्याचं ठरू शकतं, आणि श्वास अडकत असेल तर आधी त्याचा इलाज हवा. पहिले दोन-तीन आठवडे स्कूटर चालवू नका, असंही बजावलं. मी पीएमटीच्या बसनं (नाव बदलून जमाना झाला, तोंडातून जात नाही) शाळेत जायला लागले.

मटारचा महिना

पहिला आठवडा फार वाईट गेला, हे आधीच सांगून टाकते. सीबीटी म्हणजे गोड बोलून धीर देणं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यातल्या जानेवारीत रात्री दोन वाजता गोधडीतून बाहेर पडून बघावं. मोज्यांतूनही फरशी गार लागते. मी खुर्चीत बसून मटार सोलले, दुसऱ्या रात्री मटार संपले म्हणून वाल सोलले. पेपर तपासायला मनाई होती, कारण त्यात डोकं जागं होतं. तिसऱ्या दिवशी वर्गात वर्गसमीकरण मांडताना मला पुढची पायरी आठवेना आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं मी दोन मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले. चौथ्या रात्री रडले. सोडून द्यावं असं त्या आठवड्यात निदान तीनदा वाटलं. पैसे आगाऊ भरले नव्हते, त्यामुळे अडवणारंही काही नव्हतं.

अडवलं वहीनं. पहिल्या आठवड्याची झोप ४ तास २५ मिनिटं, पूर्वीपेक्षा पाऊण तास कमी. पण टक्का ६१ वरून ८०. आकडा वर जाताना दिसला की मला तो सोडवत नाही, हा स्वभावदोष इथे उपयोगी पडला. दुसऱ्या आठवड्यात ४ तास ५० मिनिटं आणि ८८ टक्के. त्याच आठवड्यात एक रात्र अशी गेली की बाराला पडले आणि पुढचं आठवत नाही, थेट सव्वाचार. उठल्यावर पहिला विचार हा आला की वहीत चूक झाली असणार.

पंधरा मिनिटं बक्षीस मिळाली. पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा, त्यापुढे आणखी. पाचव्या आठवड्यात नाशिकला भाचीचं लग्न होतं. तीन रात्री कार्यालयातल्या गाद्यांवर, शेजारी कुजबुजणाऱ्या मुली, पहाटे चारला सनई. ३७५ पैकी ३००, टक्का बरोब्बर ८०. मी मॅडमना म्हटलं, लग्नाच्या तीन रात्री वगळून सरासरी काढू या. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना आजारपणाचा पेपर वगळून टक्के काढून देता का?" वाढ मिळाली नाही.

आठव्या आठवड्याला मुक्काम रात्री अकरा ते साडेपाचवर आला आणि तिथेच थांबला. झोप ५ तास ४० मिनिटं, टक्का ८७, प्रश्नावलीत ९ गुण. गोळी फेब्रुवारीच्या मध्यापासून डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी उतरवत नेली. ती एप्रिलअखेर सुटली. त्यात दोनदा अडखळले, आणि डॉक्टरांनी मागे जायला न लावता आहे त्याच पायरीवर आठवडाभर थांबवलं.

विचारांचं काय?

सीबीटीतला 'सी' विचारांचा. एरन बेक मूळचे मनोविश्लेषक, फिलाडेल्फियातले. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटत राहणाऱ्या विचारांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि १९६० च्या दशकात त्यांनी ही पद्धत उभी केली. २०२१ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. त्यांच्या आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी याच वळणाची पद्धत सुरू केली होती. आपल्याकडे तीच 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून अधिक माहितीची, स्टाफरूममध्ये मी विषय काढला तर मराठीच्या बाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे ते विवेकनिष्ठवालं का?"

या भागात माझी प्रगती यथातथाच. रकाने आखलेला कागद असायचा: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, तोललेला विचार. छापील मथळे इंग्रजीत. 'कॅटास्ट्रोफायझिंग', म्हणजे सर्वांत वाईट तेच होणार असं धरून चालणं, हे मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हा सासूबाईंची नेहमीची म्हण आठवली: मन चिंती ते वैरी न चिंती. सहा रकाने एका ओळीत उरकलेले. पण म्हण ठाऊक असून जसा इतकी वर्षं उपयोग झाला नव्हता, तसा रकान्यांचाही झाला नाही. विरुद्ध पुरावा मी झकास लिहायचे, मला लिहिता येतं, आणि लिहून झाल्यावर भावना ८० ची ७५ व्हायची. स्वतःशी वाद घालून मी कधी हरत नाही आणि जिंकतही नाही. स्नायू सैल सोडायची एक ध्वनिफीतही दिली होती. ती ऐकताना 'आपण सैल झालो का' हे तपासण्यातच मी ताठ व्हायचे.

हे लक्षात आल्यावर मॅडमनी कागद बाजूला ठेवला, आणि इथून पुढचं काम खरं झालं. माझं ठाम मत होतं: रात्री नीट झोपले नाही की दुसऱ्या दिवशी फळ्यावर चुका होतात, पोरांसमोर शोभा होते. त्या म्हणाल्या, "वाद नको, मोजू या. वाईट रात्रीनंतर किती चुका होतील, आधी लिहा." मी लिहिलं, दिवसाला किमान पाच. नववीच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या दोघींना नेमलं. फळ्यावर चिन्ह चुकलं, आकडा चुकला, पायरी गाळली, की वहीत एक रेघ. कारण सांगितलं नाही. दोघी इतक्या खूश झाल्या की त्या दहा दिवसांत त्यांचं गणितही सुधारलं असावं.

दहा दिवसांपैकी चार दिवस साडेचार तासांहून कमी झोपेचे होते. त्या चार दिवसांत चुका सहा. उरलेल्या सहा दिवसांत आठ. म्हणजे दिवसाला दीड आणि सव्वा-दीड. एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मला कळतं, पण 'किमान पाच' हे विधान खोटं ठरवायला तेवढा पुरेसा होता. आणि ज्या दिवशी मी अगदी ताजीतवानी होते, त्या दिवशी तीन चुका निघाल्या. त्या रात्री दीडला जाग आली तेव्हा वजाबाकी सुरू झाली नाही. झाली नाही हे मला सकाळी वही भरताना कळलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. पाचव्या सेशनला मॅडमनी सहज विचारलं, दीडला जाग येते तेव्हा पहिल्या मिनिटात नेमकं काय करता? मी म्हटलं, काही नाही, ह्यांचा श्वास ऐकते. म्हणजे? चालू आहे ना ते बघते. बोलून गेले आणि गप्प झाले. सतरा-अठरा महिने मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीतून उठलेच नव्हते. निद्रानाश कसला, तो पहारा होता. मॅडमचाही हा प्रश्न उशिरा आला, असं माझं मत आहे. पहिल्याच दिवशी यायला हवा होता. ठरीव चौकटीत चालणाऱ्या उपचाराची ही पडती बाजू: वही बरोबर भरली जात होती, म्हणून वहीबाहेरचं कुणी विचारलं नाही.

त्यावर तंत्र असं काही वापरलं नाही. घरी जाऊन ह्यांना सांगा, एवढंच. सांगितलं. हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला माहीत होतं. तू जागी असलीस की मी मुद्दाम जरा मोठ्यानं श्वास घेतो." ह्यांनी पुढच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या भेटीला मला बरोबर नेलं, मी माझे अकरा प्रश्न विचारले, दहांची उत्तरं समाधानकारक मिळाली.

मग फायदा झाला म्हणायचा का?

मिनिटांत मोजलं तर रोजची तीस मिनिटं झोप वाढली, खर्च सात सेशनचे साडेदहा हजार रुपये. पॉलिसीतून काही मिळालं नाही. बाह्यरुग्ण खर्च त्यात धरलेलाच नव्हता. हा सौदा महाग वाटेल. पण मी नशीबवान निघाले. २०१५ मध्ये वीस चाचण्या आणि अकराशेहून अधिक लोकांचे निकाल एकत्र करून काढलेली सरासरी अशी: झोप लागायला लागणारा वेळ १९ मिनिटांनी कमी, मधल्या जागरणाचा २६ मिनिटांनी कमी, झोपेचा टक्का सुमारे दहा गुणांनी वर, आणि एकूण झोपेत भर जेमतेम ८ मिनिटांची. आठ तास झोपायला मिळेल म्हणून कुणी सीबीटीकडे जात असेल तर त्याची निराशा ठरलेली. तरीही २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्यांच्या आधी हाच सुचवला, त्याचं कारण त्या बाकीच्या आकड्यांत आहे. माझे साडेआठ तास अंथरुणात जायचे, आता साडेसहा जातात. तळमळीचे तीन तास वीस मिनिटं होते, आता पन्नास मिनिटं. रोजचे दोन तास परत मिळाले आणि त्या तासांत मी जागी असून दुःखी नसते.

घामाच्या झळा तशाच राहिल्या. अशा त्रासाच्या काळातल्या १०६ बायकांवर अमेरिकेत फोनवरून हाच उपचार करून पाहिला होता. त्यांच्याही झळांची संख्या कमी झाली नाही, झोप सुधारली आणि झळांचा जाच कमी झाला. माझंही तेच. झळ येते, चादर फेकते, जाते.

रकान्यांबद्दल मी वर जे लिहिलं ते माझ्यापुरतं. २०२४ मध्ये २४१ चाचण्यांमधून या उपचाराचे तुकडे सुटे करून पाहिले गेले. त्यात अंथरुणाचा वेळ कापणं आणि अंथरूण-झोपेची सांगड घालणं यांच्याबरोबर विचारांवरचं कामही उपयोगी ठरलं. उलट झोपेच्या चांगल्या सवयींचं नुसतं शिक्षण, ज्याचे फॉरवर्ड आपल्याला रोज येतात, त्यानं फारसं काही होत नाही असं दिसलं. माझ्या स्टाफरूममधल्या मैत्रिणीला, जिची तक्रार झोपेची नसून घाबरण्याची होती, तिला रकान्यांनीच तारलं. ती अजून पर्समध्ये कागद बाळगते.

पण आधी वागणं बदलायचं, मन मागून येतं, हे मात्र मला फक्त माझ्यापुरतं वाटत नाही. गोव्यात 'संगत' संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर जो उपचार तपासला, तो याच घराण्यातला: सहा ते आठ भेटी, सुटलेली कामं पुन्हा हळूहळू हातात घ्यायची. देणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आणि नेहमीच्या देखभालीतले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. साडेदहा हजार आणि कर्वे रस्त्यावरचं क्लिनिक ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांच्यासाठी झोपेचंही असं काही आरोग्य केंद्रात मिळायला हवं. वही, पेन आणि चिकाटीनं दर आठवड्याला भागाकार करणारं माणूस, इतकंच तर सामान.

पुन्हा

जून २०२४ मध्ये सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुन्हा रुग्णालयातल्या रात्री, पुन्हा तीच खुर्ची. घरी आल्यावर पाच आठवडे मी दीडला जागी. तीन रात्री जुन्या पाकिटातली गोळीही घेतली, हे लपवत नाही. प्रश्नावली स्वतःच भरली: १७. मग दुसरी वही काढली, मॅडमना एकदाच भेटून खात्री करून घेतली आणि पावणेबारा ते साडेपाच असं कुंपण घातलं. तो पावसाळा होता, मटार नव्हते. मी घरातली सगळी बटणं लावली. अडीच आठवड्यांत टक्का ८६ वर आला, पुढे गुण १० वर. पहिल्यांदा घडी नीट बसायला आठ आठवडे लागले होते.

सासूबाई आता वॉकर घेऊन चालतात, अजूनही साडेतीनला उठतात, आणि जप झाला की आमच्या दाराशी येऊन विचारतात, "जागी आहेस का गं?" मी जागी असले तर नियमाप्रमाणे उठते आणि आम्ही दोघी हॉलमध्ये बसतो. परवा सकाळी त्यांनी ह्यांच्याकडे तक्रार केली की रात्री तीनदा हाक मारली तरी सून उठली नाही. मी घाबरून विचारलं, पाणी हवं होतं का? म्हणाल्या, "छे, गप्पा मारायला."